आधी रेघ, मग जोड

आपल्या गोंदिया भागात रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरला लोखंडी चाके लावून बांधीत चिखल करतात. ती चाके तुम्ही पाहिली असतील. कडी, सळ्या, पट्ट्या, सगळे सुटे लोखंड. ते जोडून चाक होते. ऐन रोवणीत एक पट्टी सुटली की काम अडले. पाऊस आपली वाट पाहत नाही. रोवणीला आलेल्या बाया बांधावर बसून राहतात. तिकडे पऱ्हे वाढत जातात. मग चाक घेऊन माणूस मिस्त्रीच्या दुकानाकडे धावतो.

मिस्त्री काय करतो? डोळ्यांपुढे काळी काच धरतो. हातातला रॉड लोखंडाला टेकवतो. लखकन उजेड पडतो. चर्र आवाज होतो. ठिणग्या उडतात. पाच मिनिटांत पट्टी जागेवर! यालाच वेल्डिंग म्हणतात.

पाहणाऱ्याला हे काम फार सोपे वाटते. आम्हालाही तसेच वाटले होते. ते सोपे नाही, हे आम्हाला एका निघालेल्या हुकाने शिकवले. ती गोष्ट आधी सांगतो.

आमच्या शाळेत शिकलेला एक मुलगा होता. दहावीला गणितात अडला. पण हात चलाख. घरच्यांनी धानाच्या पैशातून त्याला वेल्डिंगचे यंत्र घेऊन दिले. पंधरा दिवस तो एका दुकानात उभा राहून आला होता. तेवढ्यावर त्याने घरापुढे पाटी लावली. गावातल्या एका शेतकऱ्याच्या ट्रॉलीचा हुक हलत होता. शेतकऱ्याने आम्हाला विचारले, "गुरुजी, पोराला जमंल का जी?" आम्ही म्हणालो, "का नाही जमणार? आमचाच विद्यार्थी आहे."

मुलाने हुक जोडला. वरून काळा रंग दिला. काम छान दिसत होते.

पुढे धान निघाले. पोती भरून ट्रॉली मिलकडे निघाली. कालव्याच्या चढावर हुक निघाला. ट्रॉली मागे घरंगळली आणि खोलगट जागेत कलंडली. पोत्यांवर बसलेल्या माणसाने उडी टाकली. त्याचे मनगट मोडले. सायकलवर शाळेची मुले मागून येत होती. ती थोडी लांब होती, म्हणून वाचली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो हुक पाहायला गेलो. आम्हीच शब्द दिला होता ना! जोडाचे लोखंड बोटाएवढे जाड होते. पण खालची प्लेट जशीच्या तशी. तिच्यावरचा जुना गंजसुद्धा शाबूत. भिंतीवर थापलेली गोवरी वाळल्यावर सबंध निघून येते, तसा तो जोड निघून आला होता. गोवरी भिंतीला चिकटते, पण भिंत होत नाही.

मुलगा रडवेला झाला. म्हणाला, "गुरुजी, म्या तर दोन रॉड जाळले."

शेजारी एक म्हातारे मिस्त्री उभे होते. त्यांनी हुक हातात घेऊन उलटा केला. म्हणाले, "रॉड जाळलास बाबू. पण प्लेट कुठं जाळलीस? सुरू करायच्या आधी किती रेघा मारल्या होत्या?"

"दहा-बारा."

"हजार मार. मंग हुकाला हात लाव."

ही रेघ म्हणजे काय, तेच आज सांगायचे आहे. सरकारी शाळेत तिला बीड म्हणतात. कोणी रन म्हणतात, कोणी लाइन म्हणतात. आम्ही आपले रेघच म्हणतो. तुम्हीही अक्षर काढण्याआधी पाटीवर उभ्या-आडव्या रेघा ओढल्या होत्या. तुमचा हात थरथरत होता. आठवते ना? हे तसेच आहे.

आधी हे काम होते कसे ते पाहू. यंत्रातून दोन जाड वायरी निघतात. एकीच्या टोकाला होल्डर असतो. त्यात रॉड धरतात. दुसरीच्या टोकाला चिमटा असतो. तो कामाच्या लोखंडाला लावतात. याला अर्थ म्हणतात. रॉडचे टोक लोखंडाला टेकवून किंचित उचलले की मधल्या फटीतून वीज उडी मारते. त्या जागी भयंकर उष्णता होते. लोखंड सुमारे दीड हजार अंशांना वितळते. विजेची ही उडी त्याच्या तिप्पट-चौपट गरम असते. त्यामुळे प्लेटच्या अंगावर वितळलेल्या लोखंडाची एक लहानशी तळी होते. रॉडचे टोकही वितळते. त्याचे थेंब या तळीत पडतात. दोन्ही लोखंडे एकमेकांत मिसळतात. निवली की एकजीव होतात.

प्लेट वितळलीच नाही तर? मग रॉडचे लोखंड वर नुसते बसते. त्या हुकाचे तेच झाले होते.

रॉडवर मातीसारखा एक लेप असतो. तो कशाला? याची मोठी गंमत आहे. विजेच्या उडीने लोखंड जोडायची युक्ती रशियाच्या बेनार्डोस नावाच्या माणसाने १८८१ साली दाखवली. त्याने कोळशाची कांडी वापरली. १८८८ साली स्लाव्यानोव्ह नावाच्या दुसऱ्या रशियन माणसाने कोळशाऐवजी धातूचीच कांडी वापरली. पण उघड्या लोखंडाला वितळताना हवा लागते आणि जोड ठिसूळ होतो. पुढे स्वीडन देशात शेलबर्ग नावाचा इंजिनिअर आगबोटींच्या दुरुस्तीत गुंतला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने कांडीला लेप दिला. लेप जळतो, त्याचा धूर तळीभोवती फिरतो आणि हवेला दूर ठेवतो. उरलेला लेप वितळून जोडावर पपडी धरतो. दुधावर साय येते तशी. या पपडीखाली लोखंड सावकाश निवते. आपल्या देशात १९५१ साली मुंबईत अडवाणी-ओर्लिकन ही रॉड बनवणारी कंपनी निघाली. आज खेड्यातल्या दुकानातही रॉडचा पुडा मिळतो.

आता सरावाकडे वळू. पण त्याआधी डोळ्यांचे सांगितलेच पाहिजे. त्याशिवाय आम्ही पुढे जाणार नाही.

हा उजेड उघड्या डोळ्यांनी पाहू नका. एकदाही नको. पाहताना काही होत नाही, म्हणून माणूस फसतो. चार-सहा तासांनी, बहुतेक रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. पाणी गळते. दिव्याकडे पाहवत नाही. उन्हाने पाठ भाजते तसे डोळ्यांचे वरचे पातळ कातडे भाजलेले असते. कोणी बटाट्याची चकती ठेवायला सांगते, कोणी दूध घालायला सांगते. डोळ्यात काही घालू नका. चोळू नका. गार पाण्याची स्वच्छ घडी पापण्यांवर ठेवा, अंधारात पडा आणि सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. बहुधा दोन दिवसांत बरे वाटते. पण असे पुन्हा पुन्हा झाले तर डोळा कायमचा बिघडू शकतो.

उन्हाचा चष्मा इथे चालत नाही. तोंडावरचा पूर्ण मुखवटा हवा. त्यात दहा किंवा अकरा नंबरची काळी काच हवी. आपल्याजवळ मुखवटा असतो, पण बाजूला उभ्या पोराजवळ नसतो. रस्त्याच्या कडेला काम असेल तर ताडपत्रीचा आडोसा करा. लहान मुलांना हा उजेड पाहायची फार हौस असते.

अंगात सुती कपडा घाला, लांब बाह्यांचा. टेरिकॉटवर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटते. बायांनी पदर खोचून घ्यावा. पायात चप्पल नको, बूट हवा. हातात कातडी मोजे हवेत. होल्डरला ५० ते ८० व्होल्ट वीज असते. कोरड्या हाताला तिचे काही वाटत नाही. पण घामाने भिजलेला माणूस ओल्या जमिनीवर उभा असेल तर तिनेही जीव जाऊ शकतो. आपल्याकडे पावसाळा जबर. म्हणून पायाखाली कोरडी फळी घ्या. पावसात उघड्यावर काम करू नका. डिझेलच्या रिकाम्या ड्रमला तर कधीच रॉड लावू नका. आत वाफ असते, ड्रम बॉम्बसारखा फुटतो.

आता भंगारवाल्याकडून लोखंडाचा एक जाड तुकडा आणा. सहा मिलिमीटर जाडीचा, हातभर लांब पुरे. फार पातळ पत्रा घेऊ नका, त्याला भोके पडतील. तारेच्या ब्रशने गंज आणि रंग खरवडून टाका. गंजावर रॉड नीट चालत नाही. चकाकणारे पांढरे पाइप सरावाला नकोत. त्यांच्यावर जस्त असते. त्याचा धूर पोटात गेला की रात्री थंडी-ताप भरतो.

तुकड्यावर खडूने सरळ रेघा आखा. दोन रेघांत दोन बोटे अंतर ठेवा. चिमटा तुकड्याला घट्ट लावा. शिकाऊ माणसाने ३.१५ मिलिमीटरचा रॉड घ्यावा. दुकानात त्याला दहा नंबर म्हणतात. त्याला ९० ते १३० अँपिअर लागतात. सुरुवातीला मधे, ११० च्या आसपास ठेवा. पुड्यावर आकडे छापलेले असतात. तुम्हाला आता वाचता येते, तेव्हा पुडा वाचूनच घ्या. दुकानदाराला विचारायची गरज नाही.

बसण्याकडे कोणी लक्ष देत नाही. पण अर्धे काम बसण्यातच आहे. कोपर मांडीला किंवा बाकाला टेकवा. दोन्ही हातांनी होल्डर धरला तरी चालेल, लाज वाटू देऊ नका. वायर खांद्यावरून घ्या, म्हणजे तिचे ओझे मनगटावर येत नाही.

मुखवटा खाली ओढा. आगपेटीवर काडी ओढतो तसा रॉड प्लेटवर ओढा. उजेड झाला की लगेच थोडा उचला. किती? रॉडची आतली सळई जितकी जाड, तितकीच फट. जास्त नाही. पहिल्या दिवशी रॉड चिकटतो. प्रत्येकाचा चिकटतो. घाबरू नका. मनगट झटकून पिळा. नाही सुटला तर होल्डरची दांडी दाबून रॉड सोडा. मुखवटा मात्र वर करू नका.

फट धरली की रॉड थोडा कलता करा. डावीकडून उजवीकडे जायचे आणि रॉडचे वरचे टोक जायच्या दिशेला किंचित झुकलेले. म्हणजे आपण रॉड ओढत नेतो, ढकलत नाही. आता सर्वांत मोठी गोष्ट. उजेडाकडे पाहू नका, तळीकडे पाहा. काळ्या काचेतून उजेडामागे एक चकाकता गोल दिसेल. तीच तळी. तिच्या मागून काळपट पपडी वाहत येते. तळी रॉडच्या दुप्पट ते तिप्पट रुंद राहिली पाहिजे. ती लहान झाली तर हात सावकाश करा. पसरली तर हात थोडा पळवा. खडूची रेघ काचेतून नीट दिसत नाही, पण सवयीने दिसू लागते.

रॉड जळत जातो, तसा आखूड होतो. म्हणून हात दोन कामे एकदम करतो. पुढे सरकतो आणि खालीही येतो. इथेच नवा माणूस चुकतो. पुढे जाताना खाली यायचे विसरतो. मग फट वाढते, आवाज फडफड होतो, ठिणग्या चौफेर उडतात. फट बरोबर असली तर आवाज एकसारखा येतो. तेलात भजी तळताना येतो ना, तसा. मिस्त्री पाठ करून उभे असले तरी आवाजावरून सांगतात, "फट वाढली बे!"

एका रॉडात साधारण वीतभर रेघ होते. शेवटी एकदम हात उचलू नका. तिथे खळगा राहतो आणि त्यातूनच चीर पडते. क्षणभर थांबून खळगा भरा, मग उचला. निवल्यावर टोकदार हातोडीने पपडी काढा. डोळ्यांवर साधा चष्मा ठेवूनच काढा. पपडी फार गरम असते आणि उडते. मग ब्रश मारा आणि रेघ वाचा.

हो, रेघ वाचायची असते. चांगल्या रेघेवर अर्धचंद्रासारख्या बारीक कडा एकामागून एक असतात. घर सारवताना हाताचे अर्धगोल उमटतात, अगदी तसे. सगळे सारखे असतील तर हात सारखा चालला. रेघ दोरीसारखी उंच, अरुंद, वर बसलेली असेल तर वीज कमी पडली किंवा हात फार पळाला. तो हुक असाच होता. रेघ चपटी, पसरट आणि दोन्ही कडांना प्लेट कुरतडल्यासारखी असेल तर वीज जास्त झाली. बारीक छिद्रे असतील तर फट मोठी होती किंवा रॉड ओला होता.

ओल्या रॉडचे दुखणे आपल्याकडे फार. पावसाळ्यात पुडा उघडा राहिला की लेप पाणी पितो. घट्ट झाकणाच्या डब्यात रॉड ठेवा. लेप सुटलेला, भेगाळलेला रॉड फेकून द्या. दुसरे दुखणे व्होल्टेजचे. उन्हाळी धानाच्या वेळी सगळ्या मोटारी सुरू असतात. वीज मंदावते. सकाळी ११० वर छान चाललेला रॉड दुपारी त्याच आकड्यावर चिकटू लागतो. हाताला दोष देण्याआधी दिव्याकडे पाहा.

आम्हीही हे करून पाहिले, बरं का! वयाची साठी उलटल्यावर मुखवटा घालून बसलो. तो मुलगा शेजारी उभा. आमच्या पहिल्या रेघा म्हणजे कोंबडीने उकिरडा उकरावा तशा. मुलगा हसला नाही. पण एवढेच म्हणाला, "गुरुजी, तुम्ही आमाले म्हणत होते, गिचमिड काढू नोका." आठ दिवसांनी आमची एक रेघ बरी आली. ती घरी नेऊन बायकोला दाखवली. ती म्हणाली, "यापेक्षा मी बरी सारवते." खरेच आहे. ज्या बाईचा हात सारवणाला बसलेला आहे, तिला ही रेघ लवकर यावी असे आम्हाला वाटते.

सुट्या रेघा जमल्या की त्या लागून मारा. पहिलीचा तिसरा हिस्सा दुसरीने झाकला पाहिजे. मधे नाली राहता कामा नये. सगळी प्लेट अशी भरून काढा. प्लेट तापली की तळी आपोआप पसरते. तेव्हा थांबा, निवू द्या. दर वेळी आधीची पपडी पुरती काढा. नाहीतर ती आत गाडली जाते आणि जोड पोकळ होतो.

मग एक परीक्षा घ्या. दोन तुकडे काटकोनात उभे करून आतल्या कोपऱ्यात एकच रेघ मारा. निवल्यावर जड घणाने उलट बाजूने ठोकून तो जोड मोडा. मोडलेली जागा पाहा. दोन्ही तुकड्यांचे लोखंड फाटून निघाले असेल, तर तुम्ही जोडले. एखादा तुकडा गुळगुळीत, सबंध सुटला असेल, तर तुम्ही नुसते चिकटवले. वरून कितीही सुंदर दिसो. त्या मुलाचे पहिले अकरा जोड गुळगुळीत सुटले. बारावा फाटला. त्या दिवशी तो पुन्हा रडला, पण वेगळ्या कारणाने.

ही परीक्षा फक्त खेड्यातल्या पोराला नाही. आपल्या तिरोड्याला विजेचा मोठा कारखाना आहे. प्रत्येकी ६६० मेगावॉटचे पाच संच. तिथल्या बॉयलरच्या नळ्यांत प्रचंड दाबाची वाफ असते. अशा नळ्या जोडणाऱ्या वेल्डरला आधी नमुन्याचा जोड करून द्यावा लागतो. तो जोड तपासतात, वाकवून किंवा तोडून पाहतात. पास झाला तरच बॉयलरला हात. दवाखान्यात हाडाचा फोटो काढतात, तसा लोखंडाच्या जोडाचाही फोटो काढतात. आत बुडबुडा असला तर त्यात दिसतो.

ज्यांना हे नीट शिकायचे आहे त्यांनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, चौकशी करावी. गोंदियाला सरकारी आयटीआय आहे. वेल्डरचा अभ्यास एक वर्षाचा असतो. दहावी नापास झालेल्यांनाही या विषयाला अर्ज करता येतो. मुलीही अर्ज करू शकतात. तिथेही पहिले काही दिवस रेघाच मारायला लावतात. पोरे कंटाळतात. त्यांना लगेच फाटक करायचे असते.

तो मुलगा पुढच्या वर्षी तिथे गेला. त्या ट्रॉलीला आता नवा हुक आहे. तो त्यानेच जोडला. पैसे घेतले नाहीत. शेतकऱ्याने रिकामी ट्रॉली आधी चार दिवस गावातच फिरवली. मग धान भरले. आम्ही त्या वेळी काही बोललो नाही.

आमचा सराव अजून चालू आहे. आडवी रेघ येते. आता मिस्त्री म्हणतात, प्लेट भिंतीला उभी लावा आणि खालून वर या. वितळलेले लोखंड खाली गळते आणि सरळ बुटावर पडते.